बागवाले गुरुजी

बागवाल्या गुरुजींच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. सही करायची वेळ आली की ते समोरच्याचं पेन मागतात आणि परत द्यायला विसरतात. खिशात असतात त्या पुड्या. वर्तमानपत्राच्या, एसटीच्या तिकिटाच्या, लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या. आत चवळी, दोडका, गवार आणि नाव विसरलेलं कसलं तरी काळं बी. एका पावसाळ्यात त्यांचा शर्ट बादलीत भिजत राहिला आणि खिशातल्या मेथीला मोड आले. गुरुजींच्या पत्नीने तो शर्ट तसाच त्यांच्यासमोर धरला. गुरुजींनी मान खाली घालावी एवढीच त्या माउलीची अपेक्षा होती. गुरुजींनी खिसा उलटा करून बघितला आणि विचारलं, "नक्की किती तास भिजला होता?"

ही जात दुर्मीळ आहे, पण नामशेष झालेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचं कुठलंही केंद्र घ्या, त्यात एखादा नमुना सापडतोच. पँटच्या डाव्या पायावर चिखल, नखांत माती आणि मोबाइलमध्ये मावा, पिठ्या ढेकूण, करपा यांचे फोटो. बायकोमुलांचा एकच फोटो, तोही शेवग्याखाली काढलेला, त्यात शेवगा पूर्ण आलाय आणि धाकटा अर्धा कापला गेलाय.

लग्नात सगळे नवरा-नवरीकडे बघतात, गुरुजी हारांकडे बघतात. शेजारच्या पाहुण्याला ते सांगतात, की झेंडूचं एक फूल हे मुळात एक फूल नव्हेच. जिला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र छोटं फूल असतं आणि असा अख्खा घोळका एका देठावर बसलेला असतो. "म्हणजे नवरदेवाच्या गळ्यात आत्ता किती फुलं झाली, सांगा बरं?" पाहुणा जिलेबीकडे बघत बसतो. कुणाच्या घरी गेले तर चहाआधी परसात. जाताना एखादी फांदी पिशवीत. विज्ञानाच्या या माणसाची एकच अंधश्रद्धा आहे, की चोरून आणलेलं रोप हमखास जगतं. तिला त्यांच्याकडे पुरावाही आहे. मागून आणलेलं रोप त्यांच्या बागेत एकही नाही, मग तुलना कशाशी करणार?

नव्या शाळेवर हजर झाले की गुरुजी आधी वर्गखोल्या बघत नाहीत. दुपारच्या खिचडीनंतर पोरं हात धुतात, ते पाणी कुठे जातं हे बघतात. ते पाणी जिथे जाऊन डबकं करतं, डास करतं आणि मुख्याध्यापकांची डोकेदुखी करतं, तिथे महिनाभरात अळू उभं राहतं. अळूमागून केळ. केळीमागून तक्रार.

कारण बाग या विषयावर मुख्याध्यापकांचं मत वेगळं असतं. त्यांच्या दृष्टीने बाग म्हणजे फाटकापासून कार्यालयापर्यंत तिरक्या उभ्या केलेल्या विटा, त्यांना गेरू आणि चुना, आणि मध्ये चार क्रोटन. क्रोटन शहाणं झाड आहे. त्याला कोणी खात नाही, त्याच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. उलट गुरुजींच्या बागेत मिरचीवर चुरडामुरडा असतो, कोबीला भोकं असतात आणि दर भोकापाशी तीन पोरं उकिडवी बसलेली असतात. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, परसबागेतली भाजी मुलांच्या आहारात गेली पाहिजे असं वरून सांगण्यात आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी गुरुजींकडे पहिल्यांदा प्रेमाने बघितलं. पुढे परसबागेचे फोटो मागवणारे मेसेज येऊ लागले आणि ते प्रेम टिकलं.

गुरुजींना मात्र भाजीचं फारसं कौतुक नाही. वांगं ही त्यांच्या मते प्रयोगातून उरलेली वस्तू आहे. शिजवणाऱ्या मावशींचा आणि त्यांचा वाद इथेच आहे. मावशींना कोथिंबीर हवी असते आणि गुरुजींना ती फुलावर येऊन तिचे धणे झालेले हवे असतात. "धणे दुकानात मिळत्यात गुर्जी!" हा मावशींचा मुद्दा खोडून काढणं अजून कुठल्याही शिक्षणशास्त्रज्ञाला जमलेलं नाही.

गुरुजी एरवी शांत असतात. ते भडकतात फक्त स्नेहसंमेलनाला. दरवर्षी कुणीतरी प्रमुख पाहुणे माईक हातात घेऊन मुलांना फुलं म्हणतात, शाळेला बाग म्हणतात आणि गुरुजींकडे कृपादृष्टीने बघून त्यांना माळी म्हणतात. एका वर्षी गुरुजींना आभार मानायला उभं केलं होतं. ते म्हणाले, "पाहुण्यांनी मुलांना फुलं म्हटलं. फूल हा वनस्पतीचा प्रजननाचा अवयव आहे. मूल हे मूल आहे. त्याला फूल म्हणण्याआधी पाहुण्यांनी आठवीचं पुस्तक बघावं, ही विनंती." तेव्हापासून आभाराचं काम शाळेतल्या बाईंकडे गेलं.

आणि गंमत अशी, की मुलांना फुलं म्हणू न देणारा हा माणूस मुलांच्या बाबतीत अजिबात हळवा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांनुसार शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांची माहिती भरायची असते, तेव्हा बाकीचे शिक्षक हळू आवाजात, चेहरा पाडून ती भरतात. गुरुजी जमिनीचा पोत लिहावा तशी भरतात. काळी, मुरमाड, चुनखडी. कुठल्या जमिनीत काय घ्यायचं आणि कुठे आळं खोल करायचं, एवढंच त्यांना बघायचं असतं. "बिचारी" हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला तर ते इतके कोरडे बघतात, की बोलणाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटतं.

वर्गात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. बाकीची पोरं झाडं ओळखायला शिकत असताना ती पानं चुरगाळून वास घेत पुढे निघून गेलेली असते. गवती चहा, कढीपत्ता, पुदिना, ओव्याचं पान. हे सगळ्यांना अपेक्षितच होतं. एक दिवस ती तुळशीपाशी थांबली आणि म्हणाली, "गुर्जी, हिची काडी चौकोनी हाय." गुरुजींनी तोवर दोन पिढ्यांना तुळस शिकवली होती. औषधी गुणधर्म, प्राणवायू, वृंदावन, सगळं. काडी चौकोनी आहे हे बोलणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं. मग अख्खा वर्ग डोळे मिटून बागभर काड्या चाचपत फिरला. सब्जा चौकोनी. पुदिना चौकोनी. जास्वंद गोल, मिरची त्यातली नव्हे. वासाची पानं आणि चौकोनी काडी ही एका कुळाची ओळख आहे, वनस्पतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत ती लिहून ठेवलेली आहे, हे गुरुजींनी शेवटी सांगितलं. तोपर्यंत पोरांनी ते कूळ स्वतः शोधून काढलं होतं.

इथे एखादा भावनाप्रधान लेखक थांबला असता. पण पुढच्याच आठवड्यात खुरपणी होती आणि तीच मुलगी म्हणाली, "मला तण कुठलं ते दिसत नाय." गुरुजी म्हणाले, "चौकोनी काडी कळते आणि हराळी कळत नाही? बस खाली." ती बसली. तोंड फुगवून, पण बसली.

चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी वाफ्यांपर्यंत पोहोचत नव्हती. हा विषय सभेत गेला असता तर प्रस्ताव झाला असता आणि त्रुटी काढून तो परत येईपर्यंत मुलगी दहावी झाली असती. गुरुजींनी टेप घेऊन तिच्या गुडघ्यांची उंची मोजली आणि व्हरांड्यातल्या मोडक्या बाकांकडे मोर्चा वळवला. आता, सरकारी शाळेत मोडका बाक ही चांगल्या बाकापेक्षा पवित्र वस्तू असते. त्याचं निर्लेखन होईपर्यंत त्याला कोणी हलवू शकत नाही. गुरुजींनी बाक मोडीत काढले नाहीत, त्यांच्यावर फक्त पोती ठेवली. पोत्यांत माती आणि मातीत पालक. खाली गुडघे जातील एवढी जागा. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "तात्पुरतं आहे." ते अजून तात्पुरतंच आहे. झालं असं, की वाकावं लागत नाही म्हणून सगळ्याच पोरांना बाकावरची बाग आवडायला लागली आणि त्या मुलीला मालकीण झाल्याचा भास व्हायला लागला. ती आता आधी हात बघते, मग माती देते. "नखं काढून ये" असं ती बाईंनाही म्हणालेली आहे.

तिसरा, एक मुलगा, कानाचा. त्याला ऐकू येत नाही. गुरुजींनी त्याला भोपळ्याच्या वेलावर नेमलं. भोपळ्याचं असं असतं, की नर आणि मादी फुलं वेगळी. नर आधी येतात आणि खूप येतात. फुलाखाली इवलासा भोपळा दिसला तर ती मादी. सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. त्या वेळात मधमाशी फिरली तर फिरली, नाहीतर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो आणि गावात म्हणतात दृष्ट लागली. हा मुलगा प्रार्थनेच्या आधी येऊन वेलापाशी बसायचा आणि कोणत्या फुलावर माशी किती वेळा आली त्याच्या रेघा मारायचा. ज्यांच्यावर रेघा कमी, तिथे नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, पराग मादीला लावून यायचा. दृष्ट लागायची थांबली.

पण त्याच्यामुळे वर्गाची शिस्त कायमची बिघडली. त्याच्याशी बोलायला पोरं हाताच्या खुणा शिकली. फिरत्या विशेष शिक्षकांनी काही शिकवल्या, काही पोरांनी स्वतः बनवल्या. मग पोरांच्या लक्षात आलं, की गुरुजी फळ्याकडे वळल्यावर या भाषेत आवाज न करता वाटेल ते बोलता येतं. आता त्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता असते आणि गप्पा अखंड चालू असतात. समावेशक शिक्षणाचा हा लाभ कुठल्याही परिपत्रकात नमूद केलेला नाही.

एका मुलाला आकडे जमत नाहीत, अक्षरं जेमतेम. त्याच्याकडे पाणी. रोज प्रत्येक कुंडीला एक भांडं, ना कमी ना जास्त. रविवारीही. गुरुजींनी एकदा प्रयोग मांडला. दोन कुंड्या, तीच माती, तीच चवळी, तेच ऊन. एकीला पाणी, दुसरीला नाही. आठवड्यात दुसरी माना टाकणार आणि पोरं निष्कर्ष लिहिणार. आठवडा झाला. दुसरी कुंडी पहिलीपेक्षा टवटवीत. गुरुजी चक्रावले. पोरांना म्हणाले, "शोधा." पोरांनी माती उकरली, वास घेतला, बोट घातलं. ओली. दव? एवढं पडत नाही. गळकं छप्पर? पाऊस नाही. शेवटी रविवारी शाळेजवळ शेरडं राखणाऱ्या पोरीने साक्ष दिली. दुसऱ्या कुंडीला पाणी नको असं पाणीवाल्या मुलाला सांगितलं होतं, ते त्याला कळलंही होतं. फक्त पटलं नव्हतं. गुरुजी आधी रागावले, मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: प्रयोगात एकच घटक बदलावा, बाकीचे कुलूपबंद ठेवावेत. त्या कुलपाची किल्ली हल्ली त्याच मुलाकडे असते. दुसरीकडे कुठेही ठेवली तरी तो उघडायला लावतोच.

पण गुरुजींना खरी काळजी आहे ती पहिल्या नंबराची. त्याच्यासाठी सरकारी नमुन्यात रकाना नाही. हा मुलगा वही घेऊन बागेत येतो, चपला काढत नाही आणि विचारतो, "हे परीक्षेला आहे का?" अंकुरणासाठी पाणी, हवा आणि ऊब लागते हे त्याला तोंडपाठ आहे, पण वालाचं बी हातात दिलं तर कुठल्या बाजूने पेरायचं या विचारात तास संपतो. गुरुजींनी त्याच्यासाठी खास सोय केली आहे. त्याला बागेत वही आणायला बंदी. पहिले काही दिवस त्याचे हात नुसते लोंबत असायचे. मग एकदा त्याला गोगलगाय चावली असं वाटलं आणि तो किंचाळला. गुरुजींच्या नोंदीत त्या तारखेपुढे "प्रगती" असा शेरा आहे.

पालक तक्रार घेऊन येतात. "शेतीच शिकवायची तर आमची काय वाईट हाय?" गुरुजी वाद घालत नाहीत. काचेच्या ग्लासात टीपकागद आणि काच यांच्यामध्ये वालाच्या चार बिया अडकवलेल्या असतात. एक सुलटी, एक उलटी, दोन आडव्या. "मूळ कुठं जाईल?" पालक म्हणतो, "ह्यात काय, उलटीचं वर जाईल." दुसऱ्या आठवड्यात तो दाखल्याच्या निमित्ताने येतो आणि हळूच खिडकीपाशी जातो. उलट्या बीचं मूळ वळसा घालून खाली गेलेलं असतं. जन्मभर पेरणी केलेल्या माणसाने बी मातीआड काय करतं हे पहिल्यांदा पाहिलेलं असतं. तो तक्रार विसरतो आणि गुरुजी त्याच्याकडून शेणखत मागतात.

शिक्षण परिषदेत गुरुजी बोलायला उठले की चहावाल्याला बोलावणं जातं. त्यांचे विषय ठरलेले आहेत. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांमागे कुरणात शाळा नेली हा पहिला. मठाच्या बागेत वाटाणे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल शिक्षकपदाच्या परीक्षेला दोनदा बसूनही पास झाला नव्हता हा दुसरा. हा मेंडेल ते नेमका टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, विषय निघाला की काढतात, त्यामुळे टाळ्या मिळतात.

साहेबांची भेट हा वेगळाच प्रकार. एक साहेब आले आणि मुलांना आपुलकीने विचारते झाले, "चवळीला खत कोणतं घालता?" बाकाची मालकीण म्हणाली, "हवेतलं." साहेब हसले. तिने भोपळ्यावाल्या पोराला खुणेने रोप उपटायला सांगितलं. मुळांवर गाठी. साहेब शेतकऱ्याच्या घरातले, म्हणाले, "अरेरे, रोग लागलाय." चौकोनी काडीवाल्या मुलीने गाठ नखाने सोडवली. "रोगाची अशी सुटत नाय." मग ती चिरून साहेबांपुढे धरली. आत गुलाबी. पोरांनी एकमेकांना थांबवत सांगितलं, की यात जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन झाडाला देतात, गुलाबी असेल तर कामावर आहेत आणि पांढरी किंवा हिरवी असेल तर नाहीत. "आपल्या रक्तासारखंच हाय सायेब, त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन," हे पहिल्या नंबराने सांगितलं. अशा वेळी तो कामाला येतो. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: परसबाग चांगली. दर्शनी भागात क्रोटन लावावेत.

लिंबाच्या झाडावर तर गुरुजींनी पाटीच लावली आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू केलं आणि तिच्या अळ्या लिंबाच्या जातीची पानं खातात. लहानपणी त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. मोठ्या झाल्यावर डिवचलं तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढून घाण वास सोडतात. पोरांचा हा आवडता प्रयोग आहे आणि त्यासाठी दिवसाला एकदाच अशी मर्यादा आहे. मावशी लिंबासाठी गेल्या की पाटी आडवी येते: "राज्य फुलपाखराचे शासकीय निवासस्थान. पाने तोडू नयेत." मावशी आता लिंबं विकत आणतात आणि गुरुजींकडे बिल देतात.

या सगळ्याचा एकच खरा परीक्षक आहे, तो म्हणजे शेजारची शेळी. कुंपण कुठे कच्चं आहे, कोणता पाला कोवळा आहे आणि गुरुजी बैठकीला कधी गेलेत, हे तिला कुठल्याही समितीपेक्षा चांगलं कळतं. बाकावरची बाग झाली तेव्हा ती मागच्या दोन पायांवर उभी राहायला शिकली.

गुरुजींची बदली होते तेव्हा मात्र कार्यालयात पेच पडतो. चार्ज द्यायचा असतो. डेडस्टॉक रजिस्टर उघडलं जातं. घमेली तीन, खुरपी पाच, झारी एक, तळ गेलेली. मग गुरुजी म्हणतात, "कढीपत्ता एक. शेवगा दोन. लिंबू एक, रहिवाशांसह. गांडुळं लिहा."

"गांडुळं किती?"

"मोजता यायची नाहीत. पुष्कळ, लिहा."

"गुरुजी, डेडस्टॉकला जिवंत वस्तू घेता येत नाही."

"मग लाइव्हस्टॉकला घ्या."

"तसं रजिस्टर नाही."

दोघंही गप्प. बाहेर शेळीचे पुढचे पाय बाकावर चढल्याचा आवाज येतो. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले आहेत, त्यांनाही हा हिशेब मिटवायचा आहे. ते गुरुजींकडे हात पुढे करतात. त्यांचंच पेन गुरुजींच्या हातात असतं. ते परत घेतात आणि लिहितात: "परसबाग एक. सुस्थितीत. शेळीपासून जपावे." आणि खाली, मोडक्या बाकांच्या रकान्यात, "वापरात."